‘पीयूत नापास झालेली मुलगी डॉक्टर होते काय?’

मे-जून आला की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतोच. पीयू म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी. खानापूरकडची एखादी आई विचारते, निपाणीचे वडील फोनवर विचारतात, चंदगडहून बेळगावात शिकायला आलेला मुलगा खाली मान घालून विचारतो. ‘सेकंड पीयूला फिजिक्स गेलं, आता नीट द्यायची काय?’ ‘बी.एस्सी.चे दोन पेपर राहिलेत, मेडिकलचं नाव काढू नको म्हणतात घरचे.’ ‘एकविसावं लागलं मॅडम, वय निघून गेलं की.’

यातला नियमांचा भाग सोपा आहे. तो मी आधी सांगून टाकते, कारण तो कळेपर्यंत समोरचं मूल पुढचं काही ऐकत नाही. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, वयाची वरची मर्यादा नाही. ती २०२२ साली काढली. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत, एवढंच. परीक्षा किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही. कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या रँकिंगमध्ये पीयूचे गुण धरतात, तसं एमबीबीएसला नाही. तिथे यादी नीटच्या गुणांवर लागते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजीत पास असावं लागतं, पण पहिल्या परीक्षेत पास झालात की नंतरच्या, याने रँक हलत नाही. आणि २०२४ पासून सेकंड पीयूची परीक्षा एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा होते, त्यामुळे राहिलेला विषय त्याच उन्हाळ्यात काढता येतो.

एवढं ऐकल्यावर चेहरा खुलायला हवा. बहुतेक वेळा तो खुलत नाही. दार उघडं आहे हे कळूनही मूल तिथेच उभं राहतं, आणि माझं खरं काम तिथून सुरू होतं.

रेणुकाचं उदाहरण सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खानापूर तालुक्यातलं जंगलालगतचं गाव, दहावीपर्यंत मराठी शाळा, एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, गावानं सत्कार करावा असे गुण. मग बेळगावात मामाच्या घरी राहून पीयू सायन्स. सेकंड पीयूला फिजिक्स राहिलं, पुढच्या परीक्षेत कसंबसं निघालं. घरच्यांनी बी.एस्सी.ला घातलं, तिथे पहिल्याच सेमिस्टरला दोन पेपर राहिले. तिनं कॉलेजला जाणं सोडलं आणि घरी बसून नीट दिली. पात्रतेपुरते गुण पडले, सीटच्या जवळपाससुद्धा नाहीत.

तिला मामाच घेऊन आले. ‘‘मॅडम, तुम्ही सांगा हिला. दहा-दहा तास पुस्तक घेऊन बसतेय, उपयोग काय नाही. डोक्यात नसलं तर सोडून दे म्हणायलोय मी. दुसरं कायतरी शीक, पायावर उभी राहा.’’ आवाज चढलेला होता, पण त्यात राग नव्हता. चार वर्षं भाचीला पोटच्या मुलीसारखं सांभाळलेल्या माणसाची ती घालमेल होती.

मामांना बाहेर बसायला सांगितलं. रेणुका म्हणाली, ‘‘मामा खरंच बोलतात. मी हुशार नव्हतेच कधी. गावात दुसरं कोण नव्हतं म्हणून पहिली आले.’’

अशा वेळी ‘नाही गं, तू हुशार आहेस’ असं म्हणायचा मोह होतो. मी म्हणत नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे आणि इतक्या वर्षांनंतरही मला तीच वाट भरवशाची वाटते. एक घटना घडते. त्या घटनेवरून माणूस स्वतःबद्दल एक निकाल लावून मोकळा होतो. पुढे त्याला घटना छळत नाही, तो निकाल छळतो. मार्कांनी रेणुकाला एक शिक्का मारला होता. त्यावर मी माझा गोड शिक्का मारला असता तर पुढच्या वाईट टेस्टला तो निघून गेला असता आणि खालचा जुना तसाच दिसला असता.

म्हणून मी हुशारीबद्दल बोललेच नाही. म्हटलं, ‘‘दहा तास कशात जातात ते रोज लिही. अभ्यास वाढवू नकोस, बदलू नकोस, नुसतं लिही.’’

तिनं वही आणली. प्रामाणिक मुलगी, मिनिटांसकट लिहिलं होतं. बायोलॉजी पानोपानी. केमिस्ट्री थोडीफार. फिजिक्स ‘रविवारी’, आणि एका रविवारी गावात लग्न, दुसऱ्या रविवारी डोकं दुखलेलं.

‘‘फिजिक्स कुठाय?’’

‘‘करते की. रविवारी.’’

‘‘हे दोन रविवार?’’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतोय.’’

नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० बायोलॉजीचे, १८० केमिस्ट्रीचे आणि १८० फिजिक्सचे. म्हणजे पेपरचा चौथा हिस्सा ती दरवर्षी न उघडताच परत देत होती, आणि निकाल लागला की ‘आपल्याला डोकं नाही’ याचा आणखी एक पुरावा गाठीला बांधत होती. दहा तासांचे बारा केले असते तरी ते दोन तास बायोलॉजीलाच गेले असते.

‘‘हा गोळा पहिल्यांदा कधी आला?’’

तिला आठवायला वेळ लागला नाही. फर्स्ट पीयू, पहिले काही आठवडे. वर्गात इंग्रजी, समजावताना कन्नड. पुस्तकी कन्नड तिला येत होतं, पण वर्गातलं भरभर बोललेलं निसटायचं. ‘‘एकदा उठून विचारलं मॅडम. अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये. सगळी पोरं हसली. सर पण हसले. वाईट म्हणून नव्हे, पण हसले.’’

‘‘मग?’’

‘‘मग नाही विचारलं.’’

‘‘त्या वर्षी?’’

‘‘नंतर कधीच. बी.एस्सी.ला पण नाही.’’

सीमाभागातल्या मुलांच्या बाबतीत हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते मला ठळक दिसतं. मराठी शाळेतून आलेलं मूल अकरावीच्या वर्गात मुकं होतं. पाठांतराच्या विषयात मुकेपण खपून जातं. फिजिक्समध्ये खपत नाही, कारण तो विषय अडला की विचारावा लागतो, वाद घालावा लागतो, चुकीचं बोलून दाखवावं लागतं. तोंड बंद ठेवून फिजिक्स शिकणं फार थोड्यांना जमतं. बाहेरून मात्र सगळ्यांना दिसतं ते एवढंच, की याचं फिजिक्स कच्चं आहे.

मी मानसशास्त्राकडे वळण्याआधी बी.एस्सी. केलं होतं, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. तिला म्हटलं, ‘‘तुमच्या विहिरीवर बादली ओढतेस ना? बादली पाण्यासकट १० किलोची. तू ती एकाच संथ वेगानं वर घेतेयस. दोराला ओढ किती? मराठीत सांग. सूत्र नको.’’

‘‘वजनापेक्षा जास्त.’’

‘‘का?’’

‘‘वर जायचं म्हटल्यावर जास्त लागणारच की. सारखी ओढ लावली तर ती जाग्यावरच राहील.’’

‘‘वेग बदलतोय?’’

‘‘नाही. संथच आहे.’’

‘‘मग जादा ओढ कुठं खर्च होते?’’

ती थांबली. हात नकळत वर-खाली होत होते, खरोखरच दोर धरल्यासारखे. ‘‘जादा असती तर वेग वाढत गेला असता,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘म्हणजे सारखीच. १०० न्यूटन.’’ आणि मी काही बोलायच्या आत भुवया आक्रसून तिनं विचारलं, ‘‘पण मॅडम, सुरुवातीला? थांबलेली बादली हलवताना? तेव्हा तर जास्त लागणार!’’

मी पेन खाली ठेवलं. ‘‘आत्ता काय केलंस?’’

‘‘चुकलं काय?’’

‘‘बरोबर आहे. पण केलंस काय?’’

तिला कळेना. मग कळलं. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. ‘‘विचारलं.’’

चांगला शिक्षक ज्याची वाट बघत असतो असा तो प्रश्न होता. विषय न कळणाऱ्या मुलीला तो सुचलाच नसता. हे मी तिला सांगितलं, कारण ती स्तुती नव्हती. तिनं नुकत्याच केलेल्या गोष्टीचं वर्णन होतं. पुरावा तिच्या स्वतःच्या तोंडून आला होता आणि तो तिला नाकारता येत नव्हता. ‘मी हुशार नाही’ हा निकाल त्या दिवशी पुसला गेला असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या जागी हाती धरता येईल असं वाक्य आलं: ‘मला अडतं तिथे मी विचारत नाही.’ हुशारीचं माणूस काही करू शकत नाही. न विचारण्याचं करू शकतो.

मग मामांना आत बोलावलं. त्यांनीच ओळखीतले एक निवृत्त फिजिक्सचे सर शोधले, मराठीत समजावणारे. सकाळचा पहिला तास फिजिक्सचा, आणि रोज निदान एक शंका लिहून सरांना विचारायचीच. शंका नसली तर कालचं गणित सरांना समजावून सांगायचं. मामा स्वतः स्कूटरवरून सोडायला जायचे. पुढच्या नीटला तिचं फिजिक्स उठलं आणि दुसऱ्या फेरीत कर्नाटकातल्याच एका सरकारी कॉलेजात, ग्रामीण कोट्यातून, एमबीबीएसला जागा मिळाली. त्या बादलीच्या प्रश्नाचा मला आजही अभिमान आहे.

आता हे वाचणाऱ्या आई-वडिलांशी आणि मुलांशी थोडं सरळ बोलते.

प्रत्येक रेणुकाला एमबीबीएस मिळत नाही. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्यातल्या परवडणाऱ्या सरकारी जागा तर निम्म्याच्या आसपास. म्हणून पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवताना थांबायचं कुठे तेही त्याच दिवशी ठरवा, निकालाच्या रात्री नको. निपाणीच्या एका मुलानं आणि त्याच्या वडिलांनी माझ्यासमोर बसून ‘ही शेवटची’ असं ठरवलं होतं. गुण कमी पडले, त्यानं फिजिओथेरपी घेतली आणि आज तो मन लावून शिकतो आहे. त्याच्याबद्दलही मला तितकंच समाधान आहे. बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी यांनाही नीटच लागते. नर्सिंग, लॅब टेक्नॉलॉजी, ऑप्टोमेट्री या वेगळ्या वाटा आहेत. यांना ‘पडलेल्यांचे कोर्स’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना घरात फार बोलू देऊ नका.

तुम्ही पुन्हा बसणार असाल तर मागच्या पेपरची उत्तरतालिका घेऊन चुका वेगळ्या करा. येत असून चुकलेलं, अजिबात न येणारं, आणि अंदाजानं ठोकलेलं. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकीला १ जातो. अंदाजाची किंमत किती मोजली ते कागदावर दिसू दे. हे काम दोन दिवसांचं आहे आणि नव्या क्लासची फी भरण्याआधी करायचं आहे. फी भरून झाली की चुका बघायचा धीर राहत नाही, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

भाषेबद्दल एक गोष्ट. नीटचा पेपर मराठीत असतो, पण मराठीची प्रश्नपुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. बेळगावचं केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. पीयू इंग्रजीतून झालेल्या मुलांनी आता पेपरची भाषा बदलावी असं मला वाटत नाही. वाचा इंग्रजीतून, पण समजून घ्या आणि बोला मराठीतून. घरातल्या कुणालाही पुढ्यात बसवून गणित समजावा. आजीला नाही कळलं तरी चालेल, तुम्हाला कुठे अडलं ते कळतं.

आणि आई-वडिलांनो, मूल खाणं-बोलणं टाळत असेल, ‘माझा उपयोग काय’ असं म्हणत असेल, तर आधी अभ्यासाचं बोलणं बंद करा आणि त्याच दिवशी मदत मागा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, फुकट आहे, आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येतं.

कागदपत्रांचं काम तर आजच सुरू करा, यात फार जण फसतात. कर्नाटकच्या सरकारी जागांसाठी पहिली ते बारावीतली निदान ७ वर्षं कर्नाटकात शिकलेली असावी लागतात आणि दहावी किंवा बारावी इथून पास हवी. त्यामुळे एसएसएलसी इथे करून बारावीला लातूर-कोल्हापूरला गेलेल्यांचा हक्क जात नाही. ग्रामीण कोटा १५ टक्के आहे, पण त्याला पहिली ते दहावी ही दहाही वर्षं खेड्यातल्या शाळेत झालेली हवीत, आणि अर्ज भरतानाच तो मागावा लागतो. शाळेच्या दाखल्यावर बीईओंची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, सही लागते. रेणुकाच्या वडिलांना ती मिळवायला खानापूरला पुन्हापुन्हा जावं लागलं, कारण प्राथमिक शाळेचं जुनं रजिस्टर दुसऱ्या शाळेत हलवलेलं होतं. तुमच्या गावची शाळा बंद पडली असेल किंवा दुसऱ्या शाळेला जोडली असेल, तर ते रजिस्टर कुठे आहे याची चौकशी नीटच्या निकालाची वाट न बघता करून ठेवा.