दोन्हीकडून दलाली घेणारा एजंट माझ्या बाजूने बोलेल का?

तुम्ही पुण्यात रीसेलचा फ्लॅट बघताय. एजंट तुमच्याकडून २ टक्के घेणार आणि विकणाऱ्याकडूनही २ टक्के. भाव ठरताना तो कोणाचा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते त्याला सौदा व्हायला हवा असतो, आणि लवकर व्हायला हवा असतो. आकडा कुठे थांबतो याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं.

हे मी विकणारा म्हणून शिकलो. वडील गेल्यावर डोंबिवलीचा फ्लॅट आम्ही भावंडांनी विकायला काढला. ६२ लाख सांगत होतो. एजंट घरी आला, चहा झाला, आणि उठता उठता त्याने विचारलं, "दादा, शेवटचा आकडा किती धरू? म्हणजे पार्टी आणायला बरं पडतं." मी ५६ सांगितला. धाकट्या भावाला पैशांची घाई आहे हेही बोलून गेलो. पंधरा दिवसांत पार्टी आली आणि ५६ ला अडून बसली, एक रुपया वर सरकेना. रजिस्ट्रेशनला नंबर येण्याची वाट बघत बसलो होतो, तेव्हा घेणारे गृहस्थ सहज म्हणाले, "तुम्ही ५६ ला तयार आहात हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

घरी येऊन हिशोब मांडला. ६२ ला सौदा झाला असता तर आमच्याकडून त्याला १ लाख २४ हजार मिळाले असते, ५६ ला मिळाले १ लाख १२ हजार. त्याचे गेले १२ हजार, आणि तेवढेच समोरच्या बाजूचे. आमचे गेले ६ लाख. २४ हजारांसाठी तो आणखी तीन महिने कशाला पायपीट करेल? तुम्ही घेणारे आहात, तर तुमच्या बाबतीत हेच उलटं होईल. "बजेट ७५, फार तर ८०" असं त्याला सांगितलंत की विकणाऱ्याने ८० धरलेच म्हणून समजा.

कायदा मात्र एजंटला इतका मोकळा सोडत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजन्सीवर, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करण्यावर, अख्खं प्रकरण आहे. ज्याच्यासाठी काम करतो त्याला न विचारता आणि माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट न सांगता एजंटने त्याच कामात स्वतःचा व्यवहार केला, तर कलम २१५ प्रमाणे मालक तो व्यवहार नाकारू शकतो. अट अशी की महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवलेली असावी किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा असावा. तिथलं उदाहरण मला फार आवडतं: विकायला दिलेल्या जमिनीत एजंटला खाण सापडते, ती गोष्ट तो मालकाला सांगत नाही आणि जमीन स्वतःच विकत घेतो. कलम २२० म्हणतं की कामात गैरवर्तन केलं तर त्या कामाच्या मोबदल्यावर एजंटचा हक्क राहत नाही. आणि कलम १८५ प्रमाणे एजन्सी तयार व्हायला आधी पैसे द्यावे लागतात असंही नाही. दोन्ही बाजूंना सांगून, त्यांच्या संमतीने दोन्हीकडून दलाली घेणं आपल्याकडे चालतं. लपवून घेणं ही वेगळी गोष्ट.

पण मी हे सगळं नंतर वाचलं, तोवर दलालीचा चेक वटलाही होता. शिवाय सिद्ध काय करणार होतो? चहा पिताना झालेलं बोलणं!

पुढेमागे नवीन प्रोजेक्ट बघितलात तर तिथला एजंट बहुतेक बिल्डरचा चॅनेल पार्टनर असतो. तुमच्याकडून काही घेत नाही, कारण त्याला बिल्डर देतो. म्हणजे तो बिल्डरचा माणूस, कितीही गोड बोलला तरी. तिथे निदान रेरा, म्हणजे घरबांधणी प्रोजेक्टवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आहे: एजंटची नोंदणी हवी (महारेरा म्हणजे महाराष्ट्रातलं रेरा प्राधिकरण, त्याचा नंबर 'ए' ने सुरू होतो, साइटवर तपासता येतो) आणि नोंदणी नसलेला प्रोजेक्ट नोंदणीची गरज असताना त्याने विकायचा नाही. नियम मोडले तर दिवसाला १०,००० रुपये दंड, तो वाढत घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दोन माणसांमधल्या रीसेलला हे कवच नाही, तिथे करार कायदा आणि तुमच्या हातातला कागद.

म्हणून फ्लॅट बघायला जायच्या आधी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहा: "या व्यवहारात तुम्ही माझ्यासाठी काम करताय की मालकासाठी की दोघांसाठी? मालकाकडून किती घेणार? दलाली कधी द्यायची, टोकनच्या दिवशी की खरेदीखताच्या?" त्याचं उत्तर जपून ठेवा. तुमचा वरचा आकडा त्याला सांगू नका, भाव मालकासमोर बसून करा. टोकनचा चेक मालकाच्याच नावाने काढा, विसार पावतीवर सही त्याचीच घ्या. एजंटच्या खात्यावर काहीही पाठवू नका, "साहेब, फ्लॅट हातचा जाईल" म्हणाला तरी. माझी दुसरी खरेदी मी अशीच केली. पहिल्या दोन एजंटांनी त्या मेसेजला उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने दहा मिनिटांत लिहिलं, "मी मालकाकडून आहे, तुमच्याकडून १ टक्का घेईन." त्याच्याबरोबर मी फ्लॅट बघायला गेलो.