स्केलेटरच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या, त्यांतला ‘ओरिजिनल’ कोणता? संग्रहासाठी पहिला कुठला घ्यावा?

स्केलेटर म्हणजे ही-मॅनचा कवटीच्या तोंडाचा शत्रू. त्याचा ओरिजिनल पुतळा म्हणजे १९८२चा, मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीचा, साडेपाच इंची. विषय संपला. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘कार्टूनसारखा पूर्ण पिवळ्या तोंडाचा हवा, कडेला हिरवं असलेला नकली वाटतो.’ हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं, कारण अगदी हेच वाक्य मी चौथीत असताना ऐकलंय आणि त्याचे परिणाम भोगलेत.

दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ हे कार्टून लागायचं ते दिवस. आम्ही चिपळूणला, घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. बाबा कामासाठी मुंबईला गेले होते, तिथून त्यांनी मला स्केलेटर आणला. लिओचा. तेव्हा मॅटेलच्या परवान्यावर लिओ ही कंपनी ही खेळणी इथेच, भारतात काढायची. निळं अंग, जांभळी टोपी, पिवळी कवटी आणि कवटीच्या कडेनं हिरवा रंग. माझ्या आयुष्यातली ती पहिली विकतची बाहुली. हो, बाहुलीच म्हणायचो, ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द खूप नंतर आला.

मे महिन्यात डोंबिवलीला आत्याकडे गेलो. आतेभावाकडे त्याच्या काकांनी मस्कतहून आणलेला ही-मॅन, पाठीवर ‘मेड इन मलेशिया’. आणि घरात कलर टीव्ही. त्यानं माझा स्केलेटर हातात घेतला, उलटासुलटा केला नि म्हणाला, “डुप्लिकेट आहे. टीव्हीवर तोंड पिवळं असतं, हिरवं कुठून आलं?” मी काय बोलणार? मला टीव्हीवर सगळं राखाडीच दिसत होतं. रविवारी त्यांच्याकडे बघितलं तर खरंच पिवळं. तोंडात मारल्यासारखं झालं.

चिपळूणला परतल्यावर माळ्यावर गणपतीच्या मखरासाठी आणलेला पिवळा ऑइल पेंट सापडला. ब्लेडनं हिरवा खरवडला आणि वर दोन हात मारले. हळदीला बसवल्यासारखा दिसायला लागला. मऊ व्हिनाइलवर ऑइल पेंट धड वाळत नाही, हे मला कोण सांगणार? तो चेहरा आजही उन्हाळ्यात बोटाला चिकटतो.

मोठेपणी कळलं की हिरव्या कडा अगदी बरोबर होत्या. खेळणं आधी आलं. फिल्मेशन या स्टुडिओचं कार्टून १९८३मध्ये आलं ते खेळणं खपवायला, आणि तिथे दर फ्रेमला हातानं रंगवायचं असल्यानं चेहरा साधा पिवळा ठेवला. म्हणजे नक्कल कुणी केली असेल तर टीव्हीनं! आणि ‘शुद्ध’ म्हणावं असं त्या १९८२च्या खेळण्यातही काय आहे? छाती ही-मॅनचीच, निळ्या प्लास्टिकमध्ये ओतलेली. हात-पाय मर-मॅनचेच, म्हणजे त्याच मालिकेतल्या समुद्री खलनायकाचे. साचे महाग असतात, म्हणून एकच साचा पाच जणांना वापरायचा. स्केलेटरचं स्वतःचं म्हणजे डोकं आणि चिलखत. त्या डोक्यामागची गोष्ट मात्र भारी आहे. स्केलेटर रेखाटणारे चित्रकार मार्क टेलर सांगायचे की लहानपणी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या जत्रेत त्यांनी एक लटकवलेलं प्रेत पाहिलं होतं आणि ते नकली नाही असं त्यांना तेव्हाच वाटलं होतं. १९७६मध्ये तिथल्या पुतळ्याचा हात तुटून आत हाड दिसलं. ते एल्मर मॅकर्डी नावाच्या दरोडेखोराचं प्रेत निघालं. पुतळा समजून लोक वर्षानुवर्षं खरं प्रेत बघत होते. आमच्या आतेभावाचं अगदी उलट, खऱ्याला नकली म्हणणारा.

स्केलेटरच्या बाकीच्या आवृत्त्या पटकन सांगतो. १९८४चा बॅटल आर्मर घ्या, छातीवर टिचकी मारली की आतला ड्रम फिरतो आणि चिलखतावर एक वार, मग दोन वार उमटतात. माझ्या मते त्या दशकातली सर्वांत हुशार कल्पना. १९८५च्या ड्रॅगन ब्लास्टरच्या पाठीवरचा ड्रॅगन पाणी उडवतो, त्याला साखळी नि कुलूपही आहे, पण पाणी आत राहून वाट लागलेलेच जास्त मिळतात. १९८६चा टेरर क्लॉज हौसेपुरता. १९८९चा अंतराळवाला सडपातळ स्केलेटर मला फुकट दिला तरी नको. २००२चा ‘फोर हॉर्समेन’ या शिल्पकारांच्या चमूनं घडवलेला, देखणा आहे पण पोक काढून उभा. नंतरच्या ‘क्लासिक्स’ मालिकेतला सात इंची, आता खिशाला परवडत नाही.

तुम्ही सुरुवात करताय तर २०२०च्या ‘ओरिजिन्स’ मालिकेतला घ्या. उंची जुनीच, सांधे नवे, मोडेल ही भीती नाही. पूर्ण पिवळाच हवा असेल तर घ्या बापडे, कार्टूनच्या रंगातलेही निघालेत. पैसे तुमचे. फक्त दुसऱ्याच्या स्केलेटरला नकली म्हणू नका.

हो, एक राहिलंच. जुना घेताना पाय हलवून बघा, आतलं रबर कुजलेलं असतं. आणि घरात जुना लिओ सापडला तर रंग काढायला थिनर लावू नका, खालचा मूळ रंगही जातो. (लावून पाहिलंय. डाव्या गालावर.)

तलवारीचं सांगायलाच हवं. ही-मॅनकडे राखाडी अर्धी, स्केलेटरकडे जांभळी अर्धी, दोन्ही जोडून एक पूर्ण. त्याच मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही माझी नि आतेभावाची जोडली होती. मलेशियाची आणि भारताची, खट्‌कन बसली! माझा डुप्लिकेट असता तर बसली असती का? हा मुद्दा तेव्हा सुचला असता तर मी ब्लेड हातातच घेतलं नसतं. निघताना ती तलवार तशीच जोडलेली त्याच्याकडे राहिली. परवा भाऊबीजेला त्याच्या शोकेसमध्ये पाहिली, राखाडी-जांभळी. मागितली तर म्हणतो, “नकलीचं काय करणार तू?”

बाजारात नव्यानं ओतलेल्या जांभळ्या तलवारी फार आल्यात, तेव्हा सुटी तलवार घेताना जपून. पण डोंबिवलीच्या कुणी जुनी विकायला काढलेली दिसली, तर घेण्याआधी मला कळवा.