सेंट जॉन्सच्या बर्फाबद्दल विचारलंस म्हणून

तू विचारलंस, "ताई, कॅनडात न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्सला नोकरी मिळतेय, पण २०२०च्या वादळाचे व्हिडिओ बघून घरचे घाबरलेत. मुलगी सात वर्षांची आहे. तिथे राहता येतं का?" व्हिसाचं आणि पीआरच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, गुणांचं मी काही सांगणार नाही, ते सरकारी साइटवर माझ्यापेक्षा नीट लिहिलंय. खरं तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण तू नेमका त्या वादळावरच बोट ठेवलंस.

राहता येतं. थंडीचा बाऊ करू नकोस. हे शहर अक्षांशाने पॅरिसच्याही दक्षिणेला आहे आणि जानेवारीत पारा बहुतेक वेळा शून्य ते उणे दहाच्या मध्येच घुटमळतो. कॅनडाच्या आतल्या भागातल्या, खूप गार विनिपेग शहराची माणसं आमच्या थंडीला हसतात. छळतो तो वारा. बर्फ वरून पडत नाही, आडवा येतो. मध्येच त्याचा पाऊस होतो आणि रात्री तोच पाऊस फुटपाथवर गोठतो. छत्री आणू नकोस, पहिल्याच दिवशी उलटी होईल.

आता ते वादळ. १७ जानेवारी २०२०, शुक्रवार. विमानतळावर एका दिवसात ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट बर्फ. आधीचा उच्चांक एप्रिल १९९९चा, ६८.४चा. वारा ताशी १३० किलोमीटरच्या वर, त्यामुळे अडीच फुटांचे ढीग होऊन कुठे दारं बुजली, कुठे पहिल्या मजल्याच्या खिडक्या. शहराने त्याच दिवशी आणीबाणी पुकारली. दुकानं बंद, रस्त्यावर खासगी गाड्या बंद. आणीबाणी पूर्ण उठली पुढच्या शनिवारी, २५ तारखेला. मध्ये लष्कर आलं, शेकडो जवान फावडी घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या पायऱ्या मोकळ्या करत होते.

तू बघितलेले व्हिडिओ खोटे नाहीत. दार उघडलं की समोर दाराच्या आकाराची पांढरी भिंत आणि तिच्यात गार करायला खोचलेले बियरचे कॅन. भर चढाच्या रस्त्यावरून स्नोबोर्डवर घसरणारी पोरं. इथली माणसं आहेतच तशी. या किनाऱ्यावर वादळाचा इशारा आला की लोक वेफर्सची पाकिटं भरून ठेवतात, 'स्टॉर्म चिप्स' म्हणतात त्यांना. पण हे सगळं चित्रित केलं ते ज्यांचा डीप फ्रीझर भरलेला होता त्यांनी. बॅटरी नावाच्या वस्तीत टेकडीवरून बर्फाचा कडा सुटून एका घरात शिरला. एक तरुण मित्राकडे पायी निघाला होता, त्याचा पुढे मृतदेहच सापडला. तळघरात भाड्याने राहणारे आमच्यासारखे काय करत होते, ते कुणी व्हायरल केलं नाही.

सांगते. नोकरी नवऱ्याची, मी मागून आलेली. माझी एमएस्सी इथे तपासून घ्यायची तर ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचं गुणपत्रक, तिकडच्या विद्यापीठाने बंद पाकिटात थेट पाठवावी लागते. पाकीट आलं, पण फ्लॅपवर शिक्का नव्हता म्हणून नाकारलं. परत पाठवायला सांगितलं तर तिकडचा कारकून म्हणाला, मॅडम, स्वतः येऊन अर्ज करा. न्यूफाउंडलंडहून, स्वतः! तोवर मी तासाच्या पगारावर दुकानात उभी राहत होते. शुक्रवारी पगार व्हायचा, शनिवारी किराणा. आणीबाणी शुक्रवारीच लागली. दुकान बंद तर पगारही बंद. त्या आठवड्याचे पैसे कोणी द्यायचे यावर इथे बराच वाद झाला, माझ्या मालकाने मात्र विषयच काढला नाही.

मंगळवारी किराण्याची दुकानं ठरावीक तास उघडली. रांग पार्किंगभर फिरून रस्त्यावर आली होती. आत गेले तोवर दुधाचं कपाट रिकामं. या बेटावर बरंचसं अन्न शेजारच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातून फेरीबोटीने बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या पोर्ट ओ बास्क बंदरात उतरतं आणि तिथून ट्रकने ९०० किलोमीटर येतं. नकाशावर हे आधीच बघून ठेव. मी बटाटे, कॅनमधले चणे आणि एक मोठं पिवळं मस्टर्ड घेऊन घरी आले. मस्टर्ड का घेतलं, विचारू नकोस.

शाळा उघडल्यावर बाईंनी वर्गात विचारलं, सुट्टीत काय केलंत? कुणी किल्ला केला होता, कुणी घसरगुंडी. माझ्या मुलाने सांगितलं, आई दुधाच्या रांगेत उभी राहिली आणि घरी येऊन रडली. मला शाळेतून बोलावणं. छोटी खोली, माझ्याकडे सरकवलेला टिश्यूचा डबा आणि अगदी मऊ आवाजात प्रश्न: घरी जेवायला पुरेसं असतं ना? मग मोफत अन्न देणाऱ्या संस्थांची छापील यादी. त्यांनी वाईट काही केलं नाही, म्हणूनच ते इतकं झोंबतं. भांडायला जागाच नाही. पुढच्या वर्षी नवीन बाईंनी पहिल्याच भेटीत तोच प्रश्न विचारला, तेव्हा कळलं की आम्ही त्यांच्या फाइलमध्ये आहोत. मुलगा आता विसरलाय. मी पालकसभेला अजूनही इस्त्रीचे कपडे घालून जाते.

शेजारच्या आजोबांचं वेगळं. न विचारता आमचं दार उपसून दिलं आणि मूसच्या मांसाची बरणी हातात ठेवली. मूस म्हणजे घोड्याएवढं हरीण. नाव विचारलं नाही, कुठून आलात विचारलं नाही. कांदा-लसूण, गोडा मसाला घालून केलं, बरं लागलं.

एकटेपणाबद्दलही विचारलंयस. असतो. पुढे.

जानेवारीत दापोलीहून बाबांचे फोन यायचे, दाराबाहेर जाऊ नकोस म्हणून. हिवाळ्यात आपल्यात बरोबर नऊ तासांचा फरक असतो, त्यांची रात्र म्हणजे माझी दुपार. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि त्यांचाच फोन लागेना. सुपारीची बाग झोपली, विजेचे खांब आडवे, विमानं कोविडमुळे बंद. शेवटी आवाज ऐकू आला तेव्हा बाबा सांगत होते की पंचनाम्याला माणसं आली होती, मी म्हटलं, आमचं राहू द्या, पलीकडच्यांचं आधी लिहा. छपराचे पत्रे उडालेले होते! मी त्यांच्यावर ओरडले आणि फोन ठेवल्यावर शाळेतली ती यादी आठवली. कचऱ्यात टाकली होती मी ती, बसस्टॉपवरच.

तर, घर बघताना हीटिंग कशावर आहे ते विचार. इथे बऱ्याच घरांत विजेचे हीटर असतात, वीज गेली की घर गार. घर गरम करणारी भट्टी असेल तर तिचा धूर बाहेर काढणारा पाइप बर्फाने बुजू देऊ नकोस, विषारी वायू घरात साठतो. तळघर नको. मुलीची इयत्ता जन्मवर्षावरून ठरते, तिकडे कितवीत होती ते फारसं बघत नाहीत, त्यावर वाद घालून दमू नकोस.

आणि तुझ्या प्रश्नात नोकरी आहे, बर्फ आहे, मुलगी आहे. बायको काय शिकलीय, तिथे आल्यावर काय करणार, यातलं काहीच लिहिलं नाहीस. तिला माझा नंबर दे. ट्रान्सक्रिप्टचं पाकीट निघण्याआधी त्यावर काय काय तपासायचं, ते मी तिलाच सांगेन.