एनएसएस घ्यावं का, आणि घेतलं तर ते १२० तास कुठे घालवावे

तुझा प्रश्न असा की पुण्यात एफवायला ॲडमिशन झालीय, हॉस्टेलला राहतेस, गाव नगरकडचं, लोकांसाठी काहीतरी करायची मनापासून इच्छा आहे, पण सीनियर म्हणतायत एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, ही नुसती झाडू हातात घेऊन फोटो काढायची, आणि आई सात दिवसांच्या शिबिराला सोडेल की नाही याची वेगळीच धास्ती. मी स्वतः दोन वर्षं स्वयंसेवक होते, पुढे शिकवायला लागल्यावर सहा वर्षं प्रोग्रॅम ऑफिसर, म्हणजे कॉलेजातलं एनएसएस सांभाळणारी शिक्षिका होते, थोडक्यात गोणी उचलणारी पण मी आणि हजेरी घेणारी पण मीच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

एनएसएस घे. पण पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात ठेव की वर्षभर सगळीकडे थोडं थोडं करण्यापेक्षा एकाच वस्तीत किंवा एकाच कामात पुन्हा पुन्हा जायचं. का ते सांगते.

ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत सुरू झाली. हिशोब असा की वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे मिळून २४०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. त्या १२० मधले साधारण २० तास ओरिएंटेशनचे, ३० कॉलेजच्या आवारातल्या कामाचे आणि उरलेले ७० वस्तीत नाहीतर दत्तक गावात, म्हणजे कॉलेजने कामासाठी निवडलेल्या गावात. आता तुझे सीनियर जे फोटोबद्दल बोलतायत ते अगदीच खोटं नाही, कारण होतं काय की १५ ऑगस्ट, २४ सप्टेंबर, २ ऑक्टोबर, १ डिसेंबरचा एड्स दिन, २५ जानेवारीचा मतदार दिन, एकेक दिवस आला की रॅली, शपथ, बॅनर, फोटो, रिपोर्ट, आणि बघता बघता ते ७० तास कॅलेंडरच खाऊन टाकतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, वरून परिपत्रक येतं आणि दोन दिवसांत फोटो पाठवायचे असतात. पण ७० तास वाचवायचे असतील तर ते तुम्हा मुलांनाच मागून घ्यावे लागतात. "सर, आमचा सहा जणांचा गट दर शनिवारी अमुक वस्तीत जाईल, आमचे तास तिथे धरा" असं सांगितलं तर नाही म्हणणारा प्रोग्रॅम ऑफिसर मी तरी फार कमी बघितलाय. एका युनिटला १०० मुलं आणि आमच्यासारखा एकच माणूस, तोही स्वतःची लेक्चरं घेऊन हे बघणारा, त्याला अशी मुलं हवीच असतात.

माझ्या पहिल्या शिबिराचं सांगते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, गावाच्या ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा केल्या, माती भरली, सुतळीने तोंडं शिवली, विटांसारखी सांधेमोड करून रचल्या, तीन दिवस राबलो आम्ही पन्नास जण, हाताला फोड आले. आणि ओढ्याला पाणीच नव्हतं. वनराई बंधारा पाऊस संपता संपता, ओढा वाहता असताना घालायचा असतो, ऑक्टोबरात, फार तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरींना जरा आधार मिळतो आणि रब्बीचं एखादं पाणी निघतं. शेजारच्या रानातले बाबा बांधावर बसून बघत होते, ते म्हणाले, "पोरीन्नो, दिवाळीच्या आधी आला असता तर माझा हरभरा निघाला असता." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं मला. शिबिराची तारीख परीक्षा आणि सुट्टीवर ठरते, ओढ्यावर नाही. म्हणून मी प्रोग्रॅम ऑफिसर झाल्यावर बंधारा शिबिरातून काढला आणि ऑक्टोबरातल्या चार रविवारांत घातला, रेग्युलर तासांमधून, म्हणजे त्या १२० मधून. शिबिराची तारीख आपल्या हातात नसते पण रेग्युलर तास असतात, हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली.

दुसरी गोष्ट सर्व्हेची, आणि ही तुझ्यावर येणारच आहे कारण प्रत्येक शिबिरात सर्व्हे असतो. आम्ही चार पानी फॉर्म घेऊन शंभरेक घरं फिरलो, संडास आहे का, नळ आहे का, किती जण शिकलेत, गॅस की चूल. फॉर्म भरले, गठ्ठा बांधला आणि तो कॉलेजच्या कपाटात गेला. पुढच्या वर्षी त्याच गावात परत तसाच फॉर्म घेऊन गेलो तर एक आजी उंबऱ्यातच म्हणाल्या, "गेल्या साली बी लिव्हून न्हेलं व्हतं, त्याचं काय झालं?" आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग त्या रात्री आम्ही ठरवलं की नवा फॉर्म भरायचाच नाही, जुने फॉर्म मागवले, आणि त्यातून एकच गोष्ट काढली की साठीच्या पुढच्या किती बायका एकट्या राहतात आणि त्यातल्या कुणाला संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ या सरकारी योजनांचे महिन्याचे पैसे मिळत नाहीत. यादी मोठ्या अक्षरात एका तक्त्यावर लिहिली आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवली. अडलेलं काय होतं बघ, कुणाकडे वयाचा पुरावा नाही, कुणाचा उत्पन्नाचा दाखला जुना झालेला, कुणाच्या आधारवर नाव चुकलेलं. मग फेब्रुवारीत आमच्यातले चौघं दर शनिवारी एकेकीला घेऊन सेतूत आणि तहसीलला जायचे, एसटीने, डबा घेऊन. तीन जणींचं प्रकरण मंजूर झालं. तीनच, पण त्या आजी त्यात होत्या. तेव्हा पुढे माझा नियमच झाला की गावातून जी माहिती घेतली ती गावात परत वाचून दाखवायची, नाहीतर घ्यायचीच नाही.

आणि एकाच ठिकाणी जात राहिल्याने कुठवर पोचता येतं याचं उदाहरण तुझ्या पुण्यातच आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये साक्षरतेचं काम करत होती. शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं की या बायकांचा खरा प्रश्न कचऱ्यात हात घालून काम करण्याचा आणि चोर म्हणून हिणवलं जाण्याचा आहे, मग वर्गीकरण केलेला कचरा थेट मिळावा, ओळखपत्र मिळावं यासाठी काम सुरू झालं, आणि १९९३ मध्ये हमालांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. पुण्यात ढकलगाडी घेऊन घरोघरी कचरा न्यायला येणाऱ्या कितीतरी ताई याच संस्थेच्या सभासद आहेत. सुरुवात एका विद्यापीठाच्या विस्तारकार्यातून, म्हणजे वर्गाबाहेर लोकांत जाऊन केलेल्या कामातून झालेली, हे आपल्या मुलांना माहीतच नसतं.

यावरूनच तुला एक काम सुचवते, हॉस्टेलचंच. ओला सुका वेगळा होतो का बघ, आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे देतात का बघ. ही लाल ठिपक्याची पद्धत पुण्यात या ताईंच्याच संघटनेने लावून धरली, कारण उघडे पॅड त्यांना हाताने वेगळे करावे लागतात. मुलींच्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक मजल्यावर जुने पेपर आणि एक लाल स्केचपेन ठेवायला खर्च काहीच नाही, पण जून ते मार्च ते चालू राहायला रोज बघणारी एक मुलगी लागते. ती तू हो ना.

मनापासून सांगायचं तर सगळ्यात जास्त गरज आणि सगळ्यात कमी मुलं जिथे असतात ते काम म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होणं, रायटर म्हणतात सगळे. परीक्षेच्या आदल्या दिवशी रायटर मिळाला नाही म्हणून रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिलीत. नियमाप्रमाणे त्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा, त्यामुळे तुझी अख्खी सकाळ जाते. रायटर बहुतेक वेळा खालच्या वर्गातला किंवा वेगळ्या विषयाचा लागतो, म्हणून एफवाय सायन्सची मुलगी एसवाय आर्ट्सच्या मुलाला अगदी चालते. अक्षर स्वच्छ हवं, तो सांगेल तेवढंच आणि तसंच लिहायचं, आपली अक्कल घालायची नाही, आणि एकदा हो म्हटलं की काहीही झालं तरी वेळेवर पोचायचं. आधी दोनदा भेटून त्याच्या बोलण्याच्या वेगाची सवय करून घे. वर्षभर त्याला पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून दिलीस तर फारच छान, मोबाईलवर होतं.

रक्तदानाचं पण थोडं. १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ लागतं. कॉलेजात शिबिर लागलं की निम्म्या मुली हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जातात आणि आपण फक्त किती बाटल्या झाल्या ते मोजतो. मी शेवटच्या दोन वर्षांत परत पाठवलेल्या मुलींची यादी ठेवायला लागले, त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, आणि मेसमध्ये पालेभाजी, गूळ शेंगदाणे यावर चक्क भांडले. आणि शिबिर सगळ्यांनी एकाच आठवड्यात घेण्यापेक्षा एप्रिल मे मध्ये घ्या, कॉलेजं बंद असतात तेव्हाच रक्तपेढ्या रिकाम्या असतात.

मतदार नोंदणीत तर हॉस्टेलच्या मुलीच सगळ्यात जास्त अडतात. १८ पूर्ण झाली का हे बघायला आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, १७ पूर्ण असलं तरी आधी अर्ज करून ठेवता येतो. पहिल्यांदा नाव घालायचं असेल तर फॉर्म ६. गावी आधीच नाव असेल आणि पुण्यात हलवायचं असेल तर फॉर्म ८, परत ६ भरायचा नाही, दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदेशीर आहे. हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंदणी होते, कॉलेजचं बोनाफाईड लागतं. नाव गावी ठेवायचं की इथे हे ज्याने त्याने ठरवावं, पण ग्रामपंचायतीच्या मतदानाला तू गावी जाणार असशील तर गावीच ठेव असं माझं मत. मेसच्या दारात संध्याकाळी टेबल टाकून बसा, रॅलीपेक्षा दहापट नावं लागतात, स्वतः केलंय.

क्रेडिटचं विचारलंयस. नवीन शैक्षणिक धोरणामुळे आता को-करिक्युलरमध्ये एनएसएस घेऊन २ क्रेडिट मिळतात, आणि एसवायला फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट असे विषय पण येतात. बरीच मुलं ते शेवटच्या आठवड्यात कुठून तरी उतरवून देतात. तू पहिल्या वर्षीच एक वस्ती धरलीस तर तिथलाच प्रश्न प्रोजेक्टला घे, वेगळी धावपळ नाही. एनसीसी आणि एनएसएस दोन्ही एकदम घेता येत नाही, ते आधीच ठरव. जानेवारीतल्या दिल्लीच्या परेडची निवड वगैरे असते, आवड असेल तर जा, तो वेगळा अनुभव आहे. आपत्ती व्यवस्थापनासाठी राज्याचं 'आव्हान' शिबिर मात्र मिळालं तर सोडू नकोस. आणि एनएसएस झाल्यावरही भूक राहिली तर मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमटेंनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी असते, तिथे जाऊन ये.

आता आईचं. तिची काळजी रास्त आहे, माझ्या आईनेही पहिल्या वर्षी सहजासहजी सोडलं नव्हतं. शिबिरात मुली वेगळ्या राहतात, बहुतेक गावच्या शाळेत, सोबत मॅडम मुक्कामी असायलाच हव्यात, त्या आहेत का हे आधी विचार आणि नसतील तर जाऊ नकोस, हे मी एक प्रोग्रॅम ऑफिसर म्हणून सांगतेय. संडास बाथरूम कुठे आहे, दाराला कडी आहे का, रात्री लाईट असतो का, जवळचा दवाखाना किती लांब, हे सगळं विचारायला लाजायचं नाही. पालकांचं संमतीपत्र लागतंच, त्यासोबत गावाचं नाव आणि मॅडमचा नंबर आईला दे, आणि शक्य असेल तर समारोपाच्या दिवशी तिला गावात बोलव. माझी आई दुसऱ्या वर्षी आली, पंगतीत वाढायला उभी राहिली, आणि नंतर मला कधी विचारावं लागलं नाही. युनिटमधली निम्मीच मुलं शिबिराला जातात, म्हणून ऑगस्टपासून हजेरी नीट ठेव.

पहिल्या पंधरवड्यातच एनएसएसच्या ऑफिसात जा, केंद्र सरकारच्या माय भारत पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आधार आणि फोटो घेऊन जा. आणि सरांना दोनच गोष्टी विचार, दत्तक गाव कुठलं, आणि गेल्या वर्षीचे सर्व्हेचे फॉर्म कुठे आहेत. कपाटात असतील तर मागून घे, तुझे पहिले शनिवार त्यातच जाऊदेत. रायटरसाठी मात्र थांबू नकोस, पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा दिवाळीच्या आसपास असतात आणि मुलांची शोधाशोध सप्टेंबरलाच सुरू होते.