वाचकांचे प्रश्न : शोधयंत्र इतक्या लवकर उत्तर कसे देते?

प्रश्न : गुगलवर दोन शब्द टाकले की पापणी लवते न लवते तोच निकाल समोर येतात आणि सोबत (आता ‘टूल्स’ हे बटण दाबल्यावर) ‘सुमारे २,४०,००,००० निकाल (०.३८ सेकंद)’ अशा धर्तीची ओळ दिसते. माझ्या स्वतःच्या संगणकातील एखादी जुनी फाइल तिच्यातल्या मजकुरावरून शोधायची म्हटली, तरी कितीतरी अधिक वेळ लागतो. मग जगभरातील संकेतस्थळे एवढ्याशा वेळात तपासली जातात हे शक्य कसे होते?

उत्तर : ती त्या वेळात तपासली जातच नाहीत, आणि वेगाचे बरेचसे रहस्य तिथेच आहे. तुम्ही शब्द टाकून बटण दाबता तेव्हा शोधयंत्र एकाही संकेतस्थळाकडे फिरकत नाही. ते काम आधीच होऊन गेलेले असते. ‘क्रॉलर’ नावाचे प्रोग्राम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर असे अहोरात्र फिरत असतात, सापडलेला मजकूर आणून साठवतात, आणि त्या मजकुरातून एक प्रचंड सूची तयार होते. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते आणि प्रत्येक शब्दापुढे पृष्ठक्रमांक दिलेले असतात, तशीच ही सूची असते. संगणकाच्या परिभाषेत तिला ‘इन्व्हर्टेड इंडेक्स’ म्हणतात आणि ही पद्धत वेबपेक्षा बरीच जुनी आहे. तुमच्या संगणकातला शोध रेंगाळतो त्याचे कारणही यात मिळते : ज्या फोल्डरची अशी सूची आधी बनलेली नसते, त्यातली एकेक फाइल उघडून वाचत जाण्यावाचून संगणकापुढे दुसरा मार्ग नसतो.

आता प्रत्यक्ष शोध कसा होतो ते एका छोट्या उदाहरणावरून पाहू. समजा, तुम्ही ‘चंद्रग्रहण दुर्बीण’ असे दोन शब्द टाकले. सूचीत ‘चंद्रग्रहण’पुढे ४, १९, २३, ५७, ८८ असे पानांचे क्रमांक आहेत आणि ‘दुर्बीण’पुढे ७, १९, ४०, ५७, ९१ असे आहेत. दोन्ही रांगा चढत्या क्रमाने लावलेल्या असल्यामुळे दोन्हींच्या सुरुवातीला एकेक बोट ठेवायचे आणि ज्या बोटाखालचा आकडा लहान असेल तेच पुढे सरकवायचे. ४ हा ७ पेक्षा लहान, म्हणून पहिले बोट १९ वर जाते; आता ७ लहान, म्हणून दुसरेही १९ वर येते, आणि इथे दोन्ही शब्द असलेले पहिले पान सापडते. मग २३ आणि ४० यांच्यातले लहान सोडून पुढे जात दोन्ही बोटे ५७ वर एकत्र येतात. पानातला मजकूर न वाचता, नुसत्या आकड्यांची तुलना करत, मागे वळून न पाहता काम संपते. खऱ्या सूचीतल्या रांगा कोट्यवधी आकड्यांच्या असतात, म्हणून मध्ये मध्ये खुणा ठेवलेल्या असतात आणि जिथे जुळणी होणे शक्यच नाही असा मोठा टप्पा एका उडीत ओलांडता येतो. जागाही वाचवली जाते : ४, १९, २३, ५७, ८८ असे पूर्ण आकडे लिहिण्याऐवजी ४, १५, ४, ३४, ३१ असे लागोपाठच्या आकड्यांमधले फरक लिहिले, तर ते कमी जागेत मावतात आणि जितके कमी बाइट वाचायचे तितका वेळही कमी लागतो.

मराठीसारख्या भाषेत यात आणखी एक पायरी येते. ‘दुर्बिणीने’, ‘दुर्बिणीतून’, ‘दुर्बिणींचा’ ही सगळी रूपे ‘दुर्बीण’शी जोडलेली नसतील, तर सूची कितीही वेगवान असली तरी चांगली पाने हातून निसटतात. ही जोडणी जितकी आधी, म्हणजे सूची तयार होतानाच होईल, तितका तिचा भार प्रत्यक्ष शोधाच्या वेळी कमी पडतो.

पानांची प्रतवारीही बऱ्याच अंशी आधीच ठरलेली असते. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांवरून दुवे येतात यावरून त्याचे वजन ठरवणारी ‘पेजरँक’ ही पद्धत शोधल्या जाणाऱ्या शब्दांवर अवलंबून नाही, त्यामुळे ती गणिते सवडीने करून ठेवता येतात. शोधाच्या वेळी आधी ढोबळ आणि स्वस्त कसोटीने थोडी पाने निवडली जातात आणि बारकाईची, खर्चिक कसोटी फक्त त्यांनाच लावली जाते. ‘सुमारे २,४०,००,००० निकाल’ हा आकडा म्हणूनच निव्वळ अंदाज असतो. निकालांची पाने उलटत शेवटापर्यंत गेलात, तर यादी एक हजाराच्या आतच संपते. तेवढी पाने एकेक करून कोणी मोजलेली नसतात आणि मोजण्याची गरजही नसते.

प्रश्न : ही सूचीसुद्धा अवाढव्य असणार. ती एका संगणकात मावते का? आणि ती वाचण्यातच वेळ जात नाही का?

उत्तर : मावत नाही, आणि सुरुवातीच्या काळात वेळ वाचण्यातच जात असे. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली आपल्या शोधयंत्राची रचना एका शोधनिबंधात मांडली, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे २ कोटी ४० लाख पाने होती आणि बहुतेक प्रश्नांना उत्तर द्यायला १ ते १० सेकंद लागत, असे त्यांनीच त्यात लिहिले आहे. हा वेळ मुख्यतः डिस्कवरून माहिती वाचण्यात जाई. फिरत्या हार्ड डिस्कवर नेमक्या जागी पोहोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, तर संगणकाच्या मेमरीतून तेच वाचायला सुमारे १०० नॅनोसेकंद, म्हणजे एक लाखांश वेळ. मेमरी स्वस्त होत गेली आणि संगणकांची संख्या वाढत गेली, तशी २००१ च्या सुमारास गुगलने सगळी सूची मेमरीतच ठेवायला सुरुवात केली. आज तीच कंपनी सांगते की तिच्या सूचीत शेकडो अब्ज पाने आहेत आणि सूचीचा आकार १० कोटी गिगाबाइटहून मोठा आहे.

एवढी सूची ठेवायची तर तिचे तुकडे करावेच लागतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या संगणकांकडे असतो, त्याच्या अनेक प्रती असतात, आणि तुमचा प्रश्न सगळ्या तुकड्यांकडे एकाच वेळी पाठवला जातो. प्रत्येक तुकडा आपापले उत्तम निकाल परत पाठवतो आणि त्यांतून अंतिम यादी बनते. गुगलच्या अभियंत्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार त्या वेळी १५,००० हून अधिक साधे, बाजारात मिळतात तसेच संगणक या कामाला होते, आणि सरासरी एका प्रश्नासाठी शेकडो मेगाबाइट माहिती वाचली जाई व प्रोसेसरची अब्जावधी चक्रे, म्हणजे त्याच्या कामाचे छोटे छोटे टप्पे, खर्ची पडत. सेकंदाला २०० कोटी चक्रे करणाऱ्या एकट्या प्रोसेसरवर २,००० कोटी चक्रांचे काम टाकले, तर त्याला १० सेकंद लागतील. तेच काम शंभर प्रोसेसरांत नीट वाटले, तर सेकंदाच्या दहाव्या भागात उरकेल.

मात्र काम वाटून घेण्यातून एक नवी अडचण उभी राहते. माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग हाच आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. समजा, प्रत्येक सर्व्हर एरवी १० मिलिसेकंदांत उत्तर देतो, पण शंभरातून एकदा त्याला पूर्ण एक सेकंद लागतो. कारण क्षुल्लक असू शकते : त्याच क्षणी त्याच्यावर दुसरे काम आले, मेमरीची साफसफाई सुरू झाली किंवा नेटवर्कवर गर्दी झाली. एकच सर्व्हर असेल तर शंभरातल्या एकाच माणसाला थांबावे लागेल आणि ते फारसे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण प्रश्न शंभर सर्व्हरांकडे जात असेल आणि सगळ्यांची उत्तरे आल्याशिवाय यादी पूर्ण होणार नसेल, तर शंभरही सर्व्हर वेळेवर उत्तर देण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे जेमतेम ३७ टक्के उरते. म्हणजे ६३ टक्के लोकांना एका सेकंदाहून अधिक थांबावे लागेल! हे गणित गुगलचे अभियंते जेफ्री डीन आणि लुईझ आंद्रे बारोसो यांनी २०१३ सालच्या एका लेखात मांडले. सरासरी वेग कितीही चांगला असला, तरी वापरणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत मंद यंत्राचाच वेग येतो.

यावरचे उपायही त्याच लेखात आहेत. एका प्रतीकडून ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही, तर तोच प्रश्न त्या तुकड्याच्या दुसऱ्या प्रतीकडे पाठवायचा, जे उत्तर आधी येईल ते घ्यायचे आणि दुसरे रद्द करायचे. दुसरी विनंती थोडे थांबूनच पाठवली जात असल्यामुळे एकूण कामाचा बोजा फारच थोडा वाढतो, पण रेंगाळणारे प्रश्न जवळजवळ नाहीसे होतात. दुसरा उपाय अधिक धाडसी आहे : सूचीचा पुरेसा भाग शोधून झाला असेल, तर मागे राहिलेल्या एखाद्या तुकड्यासाठी न थांबता हाती आलेले निकाल दाखवून मोकळे व्हायचे. म्हणजे क्वचित प्रसंगी वेगासाठी परिपूर्णता सोडून दिली जाते. नेहमीच्या प्रश्नांना याने काही बिघडत नाही, कारण चांगली पाने अनेक तुकड्यांत विखुरलेली असतात. पण जगात एखाद्याच पानावर असलेली माहिती तुम्ही शोधत असाल, तर एकदा निकाल आला नाही म्हणून ते पान अस्तित्वातच नाही असे मानू नका. शब्द बदलून, अधिक नेमके करून पुन्हा शोधणे केव्हाही चांगले. ही तडजोड मला योग्य वाटते, मात्र ती केली जाते हे वापरणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

प्रश्न : निकालासोबत ०.३८ सेकंद असे लिहिलेले असते, पण माझ्या मोबाइलवर कधीकधी दोन-तीन सेकंद जातात. हा आकडा खोटा आहे का?

उत्तर : खोटा नाही, पण तो तुमच्या प्रतीक्षेचा आकडा नव्हे. प्रश्न शोधयंत्राच्या सर्व्हरांकडे पोहोचल्यापासून उत्तर तयार होईपर्यंतचा वेळ तो दाखवतो. प्रश्न तिथवर जाणे, उत्तर परत येणे आणि ते पडद्यावर उमटणे यांचा वेळ त्यात नसतो.

यांपैकी प्रवासाच्या वेळेला निसर्गाचीच मर्यादा आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याला किमान १०० मिलिसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्ष तारा सरळ रेषेत नसल्याने त्याहून अधिकच. शिवाय प्रश्न निघण्याआधी दोन्ही बाजूंना जोडणी करावी लागते आणि सांकेतिक लिपीबाबत सहमती करावी लागते. या बोलण्याच्या फेऱ्यांत जोडणीला एक आणि जुन्या पद्धतीच्या सुरक्षिततेला दोन फेऱ्या लागत. २०१८ साली आलेल्या टीएलएस १.३ या नव्या सुरक्षा-पद्धतीने त्यांतली एक वाचवली. १०० मिलिसेकंदांची एक फेरी धरली, तर प्रश्न निघण्यापूर्वीचे ३०० मिलिसेकंद २०० वर आले. मोठ्या कंपन्या आपले सर्व्हर जगभर पसरवून वापरणाऱ्यांच्या जवळ नेतात ते यासाठीच. मोबाइलवर यात रेडिओ संदेशाचा आणि गर्दीच्या टॉवरचा विलंब मिसळतो, आणि जुन्या फोनला नुसते पान रंगवायलाही वेळ लागतो.

तुम्हाला हे स्वतः पाहता येईल. संगणकावरील ब्राउझरमध्ये एफ१२ ही कळ दाबून ‘नेटवर्क’ हा विभाग उघडा आणि मग एखादा शब्द शोधा. यादीतील पहिल्या ओळीवर क्लिक करून तिचे ‘टायमिंग’ पाहिले, की जोडणीला किती वेळ गेला, सर्व्हरकडून पहिला बाइट येईपर्यंत किती आणि उरलेले पान उतरायला किती, हे वेगवेगळे दिसते. सतत विलंब होत असेल, तर तक्रार कोणाकडे करायची हेही त्यावरून ठरवता येते.

एवढ्या थोड्या विलंबाने माणसाच्या वागण्यातही फरक पडतो. गुगलने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांचे निकाल मुद्दाम १०० ते ४०० मिलिसेकंद उशिरा दाखवले, तेव्हा त्यांचे शोध ०.२ ते ०.६ टक्क्यांनी कमी झाले. टक्केवारी लहान दिसते, पण विलंब डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकाच होता हे लक्षात घ्यायला हवे. उत्तर लगेच मिळाले की माणूस शब्द बदलून दुसरा प्रश्न विचारतो, तिसरा विचारतो. उशीर झाला की मिळेल त्यावर समाधान मानतो. वेग वाढवण्यासाठी एवढा खटाटोप का करायचा याचे मला पटलेले कारण हेच आहे.

प्रश्न : आधी कोणीतरी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे साठवून ठेवतात का? आणि हल्ली निकालांच्या वर येणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे उत्तर इतके सावकाश का उमटते?

उत्तर : हो, वारंवार येणाऱ्या प्रश्नांचे निकाल काही काळ साठवून ठेवले जातात आणि त्यामुळे सूचीकडे न जाताच उत्तर देता येते. पण सगळे त्यावर भागत नाही, कारण रोज येणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच विचारलेले नसतात, असे गुगलने वेळोवेळी सांगितले आहे. साठवलेले उत्तर शिळे होण्याचाही धोका असतोच, म्हणून ताज्या घडामोडींबाबत ते लवकर टाकून द्यावे लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे उत्तर सावकाश येते, कारण ते सहसा आधी तयार करून ठेवलेले नसते. सूचीतून पाने निवडून झाल्यावर भाषेचे प्रारूप (लँग्वेज मॉडेल) शब्दाचा एकेक तुकडा ठरवत वाक्य रचते आणि प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यांवर अवलंबून असल्यामुळे एकाच उत्तराचे काम शंभर यंत्रांत वाटून सर्व तुकडे एकाच वेळी रचता येत नाहीत. दुवे मात्र जुन्याच वेगाने येतात. घाई असेल तर वरचे उत्तर पूर्ण होण्याची वाट न पाहता खालच्या दुव्यांकडे वळावे.