परसात मेटल डिटेक्टरच्या सरावासाठी टेस्ट गार्डन करायचंय. नाणी किती खोल पुरावीत, आणि दोन नाण्यांत अंतर किती ठेवावं?

५, १०, १५ आणि २० सेंटीमीटर. दोन वस्तूंत निदान ६० सेंटीमीटर, जागा असेल तर मीटरभर. खोली मोजायची ती नाण्याच्या वरच्या बाजूपासून, खड्ड्याच्या तळापासून नाही. झालं तुमचं उत्तर. पण थेट खोलीपासून सुरुवात करणारा माणूस माझ्याच वाटेने चाललाय अशी शंका येते, म्हणून पुढचं लिहितो.

माझं टेस्ट गार्डन मी एका सकाळीच उरकलं. आठ खड्डे, आठ वस्तू, प्रत्येकीशेजारी लाकडी खुंटी, वहीत नकाशा. सहा नंबरची खुंटी माझी लाडकी: २० सेंटीमीटरवर तांब्याचं नाणं. पहिले दोन दिवस तिथे काही म्हणजे काही वाजेना. मग सेन्सिटिव्हिटी चढवली, कॉइल, म्हणजे मशीनची खालची चकती, जमिनीला जवळजवळ टेकवून अगदी सावकाश फिरवली आणि आला एकदाचा. बारीक, कापरा, पण उंच टोन. महिनाभर रोज संध्याकाळी मी तो ऐकत होतो. घरी येईल त्याच्या कानाला हेडफोन लावत होतो.

माझा मावसभाऊ माझ्या कितीतरी आधीपासून डिटेक्टर चालवतो, आणि टेस्ट गार्डन हा पोरखेळ आहे हे त्याचं जुनं मत. त्यालाही ऐकवलं. नुसता ‘हं’ म्हणाला. घरात आल्यावर त्याने खिशातून तेच नाणं काढून माझ्यासमोर ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वी आला होता तेव्हा मी आंघोळीला गेल्याचं बघून त्याने ते उकरून घेतलं होतं आणि माती जशीच्या तशी दाबून ठेवली होती. म्हणजे तीन आठवडे मी लोकांना रिकामा खड्डा ऐकवत होतो.

दुसऱ्या दिवशी खणलं. खुंटीपासून वीतभर अंतरावर एक वाकडा, गंजलेला खिळा निघाला. असा खिळा कॉइलच्या कडेखाली आला की कधीकधी नाण्यासारखा उंच टोन देतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आडवं पडलेलं नाणं चारही बाजूंनी सारखंच वाजतं. खिळा मात्र काटकोनात फिरून पाहिलं की बहुतेक वेळा उघडा पडतो. पण मी एकदाही फिरून पाहिलं नाही. खुंटी सांगत होती की इथे नाणं आहे, मग मशीनचं कोण ऐकतो?

तेव्हा आधी जागा साफ करा. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळणारी सेटिंग, पूर्ण बंद, उभे पट्टे, मग आडवे पट्टे, आणि वाजेल ते सगळं बाहेर. पुरण्यापेक्षा यालाच जास्त वेळ लागतो. १८८१ साली ग्रॅहम बेल अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी यंत्राने शोधत होता, तेव्हा त्यालाही पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी चकवलं होतं. आपण तर परसातले.

दुसरं, दोन-तीन खड्डे मुद्दाम रिकामे ठेवा, आणि पुरायचं काम दुसऱ्याला द्या. नकाशा त्याच्याकडे. पुरायच्या आधी नाण्याला चुंबक लावून बघा. हल्लीची बरीच नाणी पोलादी असतात, ती मशीनला लोखंडासारखी दिसू शकतात. एक नाणं उभं पुरा, एकाला खिळा चिकटवून पुरा. सोन्याची बारीक अंगठी आणि चुरगळलेला फॉइलचा गोळा शेजारशेजारच्या खड्ड्यांत घाला. मशीनच्या पडद्यावर दोन्हींचा आकडा कित्येकदा इतका जवळचा येतो की डिस्क्रिमिनेशनवरचा विश्वासच उडतो. खरं शिक्षण इथे आहे, २० सेंटीमीटरच्या फुशारकीत नाही.

आता दादाचा, म्हणजे त्या मावसभावाचा, मुद्दा. तो म्हणतो, ताजा पुरलेला माल खोटं बोलतो, खरं शिक्षण शेतातच. अर्धं बरोबर आहे. वर्षानुवर्षं पडलेल्या लोखंडाचा गंज भोवतीच्या मातीत उतरतो आणि ते मोठं वाजतं. कालच्या खिळ्यात ते येणार नाही. पण सोनं गंजत नाही, दादा. आणि शेतात जे वाजलं तेवढंच तुला कळतं. ज्याच्यावरून कॉइल फिरली आणि जे वाजलंच नाही, ते तिथे होतं हे तुला कोण सांगणार? याचं उत्तर त्याने मला आजवर दिलेलं नाही.

हो, एक राहिलंच. खणण्याआधी खालून वीजेची केबल किंवा गॅसची लाइन जात नाही ना ते बघा. जमिनीत लोहखनिज जास्त असेल तर १५ सेंटीमीटरवरचं नाणंही मुकं राहील; ग्राउंड बॅलन्स करून, म्हणजे मशीन त्या मातीशी जुळवून, पाहा, तरी नाही वाजलं तर मशीनला शिव्या देऊ नका. पाऊस पडून माती बसली की पुन्हा ऐका, फरक पडू शकतो.

मागच्या महिन्यात दादानेच सात खुंट्या ठोकून दिल्या, नकाशा खिशात घालून. पाच मी बरोबर ओळखल्या. सहावीला ‘खिळा’ म्हणालो. खिळा होताच, पण त्याला टेकून उभी अंगठीही होती. सातवा खड्डा रिकामा आहे असं तो म्हणतो. नकाशा मात्र अजून दाखवलेला नाही.