आधी आगंतुक, मग नवतारा

पंचवटीत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. आकाशात अचानक उगवून काही काळाने मावळणाऱ्या ठिपक्याला इंग्रजीत 'ट्रान्झियंट' म्हणतात, त्याला मराठीत 'क्षणिक' चालेल का? मरणाऱ्या ताऱ्याला 'नवतारा' म्हणणं चूक नाही का? आणि सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट, तो की ती?

'क्षणिक' मला पटत नाही. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी नोंदवलेला तारा भर दिवसा २३ दिवस दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षं. त्याला क्षण कसं म्हणायचं? 'अस्थायी' म्हटलं की कचेरीतली नेमणूक डोळ्यांपुढे येते. चिन्यांनी अशा ताऱ्याला 'पाहुणा तारा' म्हटलं, ते फार सुंदर आहे. आपल्या 'अतिथी'ची जुनी फोडही 'ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो' अशीच सांगतात. तरी माझं मत 'आगंतुक'ला. बोलण्यात त्याला थोडी नकोशी छटा आहे हे खरं, पण आयुर्वेदात बाहेरच्या कारणाने येणाऱ्या तापाला 'आगंतु ज्वर' म्हणतात. म्हणजे शास्त्रात हा शब्द परका नाही. आणि आगंतुक कोण, कुठला, हे ठाऊक नसतं. आला एवढंच कळतं. खगोलशास्त्रज्ञांना नेमकं तेच म्हणायचं असतं. काल जिथे काही नव्हतं तिथे आज ठिपका आहे. तो सुपरनोव्हा असेल, आपल्याच आकाशगंगेतला साधा नवतारा (तारा शिल्लक राहतो असा छोटा भडका) असेल, नाहीतर कृष्णविवराने फाडलेला एखादा तारा असेल. नुसत्या छायाचित्रावरून खात्री देता येत नाही.

रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूला उपाध्ये आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग वही उघडून त्याच्या पणजोबाची नोंद काढून दाखवतात. आकाशातल्या आगंतुकाचं गाव-आडनाव त्याच्या वर्णपटात, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडून काढलेल्या आलेखात असतं. म्हणून नवा ठिपका सापडला की त्याच्या नावाआधी 'एटी' लागतं, म्हणजे अजून नुसता आगंतुक. वर्णपटावरून ओळख पटली की 'एसएन', म्हणजे सुपरनोव्हा. सप्तर्षीतल्या एम १०१ या दीर्घिकेत (आपल्या आकाशगंगेसारख्या दुसऱ्या तारासमूहात) मे २०२३मध्ये सापडलेला 'एसएन २०२३ आयएक्सएफ' असाच नावारूपाला आला.

'वर्णपट' हा शब्द मला मनापासून आवडतो. वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे अक्षरही, त्यामुळे वर्णपट 'वाचला' जातो हे मराठीत आपोआपच जुळतं. वाचायचं काय, तर आलेखातले खड्डे आणि उंचवटे. १९४१मध्ये खगोलशास्त्रज्ञ मिंकोव्स्कीने सुपरनोव्हांची पहिली वाटणी केली: हायड्रोजनच्या खुणा नसतील तर पहिला प्रकार, असतील तर दुसरा. पुढे पहिल्याचे पोटभेद झाले. ६१५० अँगस्ट्रॉमच्या (हे प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं एकक) आसपास ठळक खड्डा असेल तर तो 'एक-ए'. हा खड्डा सिलिकॉनचा. त्याची खरी जागा ६३५५, पण स्फोटातला वायू सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्यामुळे तो निळ्याकडे सरकतो. म्हणजे एकाच खड्ड्यातून मूलद्रव्यही कळतं आणि वेगही! असा खड्डा नसून हेलियम दिसला तर 'एक-बी', तोही नसला तर 'एक-सी'. एक-ए हा श्वेतबटूचा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या लहान, दाट गाभ्याचा स्फोट. बाकीचे मोठ्या ताऱ्यांचा गाभा कोसळून होतात. वर्णपट घेणारं उपकरण पाहायला फार लांब जायला नको, नाशिक-पुणे रस्त्यापासून आत गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे, तिला ते जोडलेलं आहे.

आता 'नवतारा'. १५७२मध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहीने पाहिलेला तारा त्याला खरोखर नवा वाटला, आणि लॅटिनमधला 'नोव्हा', म्हणजे 'नवा', तेव्हापासून चिकटला. तारा म्हातारा होता, हे कितीतरी नंतर कळलं. पण मी या शब्दाला चूक म्हणणार नाही. नवी नवरी काय त्या दिवशी जन्मलेली असते? ती त्या घराला नवी असते. तसा हा तारा आपल्या नजरेला नवा. 'सुपर' जोडून झालेल्या शब्दासाठी 'अतिदीप्त नवतारा' छापलेलं आढळतं; अर्थाला तो नेमका आहे, पण वर्गात पुन्हा पुन्हा उच्चारायला जड. मी 'अतिनवतारा' लिहितो, आणि मुलांपुढे पहिल्यांदा 'सुपरनोव्हा'ही सोबत ठेवतो, कारण बातम्यांत त्यांना तोच भेटणार आहे.

लिंगाचं म्हणाल तर मराठीत तारा पुल्लिंगी, त्यामुळे तो अतिनवतारा, ते अतिनवतारे. सुपरनोव्हाही तोच, अनेकवचनात रूप बदलत नाही, 'दोन सुपरनोव्हा दिसले' असंच लिहावं.